सिलियाकचे निदान झाल्यावर: पथ्य आणि जगणे दोन्ही सांभाळण्याचे टप्पे

मोठेपणी सिलियाकचे निदान झालेल्या माणसाला बहुतेक वेळा एवढेच सांगितले जाते की, आजपासून गहू बंद. त्या एका वाक्यामागे स्वयंपाकघर, नोकरी, प्रवास, नातेसंबंध आणि मनःस्थिती यांत किती बदल करावे लागतील, हे पुढे एकेक अडचण समोर आल्यावर उमगत जाते. मी स्वतः या वाटेने गेलो आहे आणि नव्याने निदान झालेल्यांचा सुरुवातीचा गोंधळ कमी व्हावा, म्हणून हे टप्पे लिहीत आहे. आतडे बरे होणे आणि आयुष्य बरे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझे सांगण्याचे मुख्य कारण. पहिलीसाठी कडक पथ्य लागते. दुसरीसाठी सावधगिरी नेमकी कुठे हवी आणि कुठे ती सोडून द्यायची, हे शिकावे लागते.

सिलियाक हा ऑटोइम्यून आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, तिथले रसांकुर झिजतात आणि अन्नातील पोषक द्रव्ये नीट शोषली जात नाहीत. जगभरात साधारण १ टक्का लोकांना हा आजार असतो आणि त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. प्रौढांमध्ये जुलाब आणि पोटफुगीच असते असे नाही. गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, सततचा थकवा, हाडांची ठिसूळता, वंध्यत्व, हातापायांना मुंग्या, तोंडातील व्रण किंवा कोपर-गुडघ्यांवर उठणारे खाजरे पुरळ एवढेच लक्षण असू शकते. आहाराला पर्याय ठरेल असे मान्यताप्राप्त औषध अद्याप उपलब्ध नाही, त्यामुळे पथ्य आयुष्यभराचे आहे.

हाताशी ठेवण्याची कागदपत्रे आणि साधने

एक फाइल करा आणि तिच्या प्रती फोनमध्येही ठेवा. तीत पुढील गोष्टी असाव्यात:

- निदानाच्या वेळचा टीटीजी-आयजीए (सिलियाकमध्ये रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी) आणि एकूण आयजीए (त्या प्रकारची सर्व प्रतिपिंडे) यांचा अहवाल, प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेसह
- एंडोस्कोपी आणि बायोप्सी (आतड्याच्या अस्तराच्या नमुन्याची तपासणी) यांचा पूर्ण अहवाल
- हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), फोलेट, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांचे सुरुवातीचे आकडे
- हाडांच्या घनतेचा डेक्सा अहवाल, झाला असल्यास
- लसीकरणाची नोंद
- निदान आणि पथ्य नमूद केलेले डॉक्टरांचे पत्र
- रोजनिशीसाठी साधी वही

टीटीजीच्या अहवालात सामान्य मर्यादा असणे महत्त्वाचे आहे, कारण प्रयोगशाळांची मोजण्याची पद्धत वेगवेगळी असते. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही. शक्यतो पुढच्या तपासण्या त्याच प्रयोगशाळेत करा.

१. निदान पक्के झाल्याशिवाय पथ्य सुरू करू नका

सर्वांत जास्त लोक अडकतात ते इथेच. शंका आली, गहू सोडला, बरे वाटले आणि मग तपासणीला गेले, असे झाल्यास रक्तातील प्रतिपिंडे उतरलेली असतात, आतडेही सावरू लागलेले असते आणि अहवाल खोटा दिलासा देतो. रक्ततपासणी आणि बायोप्सी या दोन्ही ग्लूटेन खात असतानाच व्हायला हव्यात. रक्ताच्या चाचणीत एकूण आयजीए तपासून घ्या. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते, आणि अशांची टीटीजी-आयजीए चाचणी आजार असूनही नकारार्थी येते. त्यांच्यासाठी आयजीजी प्रकारच्या चाचण्या वापरल्या जातात.

बायोप्सीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अनेक नमुने घेतले जातात, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. ज्यांनी आधीच गहू सोडला आहे, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा ग्लूटेन खाऊन तपासणी करावी लागते. ते त्रासदायक असते, तरी आयुष्यभराचे पथ्य केवळ अंदाजावर पाळत राहण्यापेक्षा मला ते रास्त वाटते. पुढे नातेवाइकांची तपासणी असो की ऑफिसमध्ये सवलत मागणे असो, पक्के निदान असल्याशिवाय तुमच्या शब्दाला वजन येत नाही.

२. आज तुम्ही कसे जगत आहात, ते लिहून काढा

पथ्य सुरू करण्याच्या आसपास एका निवांत दिवशी वहीत स्वतःची सद्यस्थिती नोंदवा. झोप कशी लागते, दुपारी थकवा किती जाणवतो, आठवड्यात किती वेळा पोट बिघडते, बाहेरचे निमंत्रण आले की मनात पहिले काय येते, कामावरून किती वेळा सुट्टी घ्यावी लागते, हे सगळे लिहा. बरे होण्याची गती इतकी मंद असते की सहा महिन्यांपूर्वी आपण कुठे होतो, हेच माणूस विसरतो आणि काहीच फरक पडलेला नाही असे समजून निराश होतो.

सिलियाक असलेल्यांच्या जीवनमानासाठी संशोधकांनी खास प्रश्नावल्याही तयार केल्या आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीडीक्यू या प्रश्नावलीत २८ प्रश्न असून ते भावना, सामाजिक वावर, चिंता आणि पोटाच्या तक्रारी अशा चार गटांत विभागलेले आहेत. २०१० च्या सीडी-क्यूओएल प्रश्नावलीत २० प्रश्न आहेत आणि तीत आजारामुळे येणाऱ्या मर्यादा, खिन्नता, आरोग्याची धास्ती आणि उपचार अपुरे वाटणे यांवर भर आहे. त्या मिळाल्या तर भराव्यात, न मिळाल्या तरी हे गट डोळ्यांसमोर ठेवून स्वतःचे प्रश्न तयार करता येतात. हे कागद डॉक्टरांना जरूर दाखवा. पोटाविषयी डॉक्टर स्वतःहून विचारतात, पण जेवणाच्या भीतीविषयी विचारतीलच असे नाही.

३. ग्लूटेन कुठे असते आणि किती चालते, हे आकड्यांत समजून घ्या

तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, राजगिरा, क्विनोआ, बटाटा, डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे आणि मांस हे पदार्थ मूळ स्वरूपात ग्लूटेनमुक्त असतात. याउलट रवा, मैदा, स्पेल्ट आणि ट्रिटिकेल ही गव्हाचीच रूपे किंवा गव्हाची नातलग धान्ये आहेत. माल्ट बहुतेक वेळा जवापासून बनतो, म्हणून माल्टयुक्त पेये, न्याहारीची तयार धान्ये आणि बिअर यांकडे लक्ष द्यावे. सोया सॉस, तयार सूप, मसाल्यांची मिश्रणे, सॉसेज आणि आइस्क्रीम यांत गहू येईल असे सहसा मनात येत नाही, म्हणून त्यांचे वेष्टन वाचूनच खरेदी करा.

आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार ज्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही, त्याला ग्लूटेनमुक्त म्हणता येते. हीच मर्यादा अनेक देशांनी स्वीकारली आहे. तिचा अर्थ असा, की मर्यादेच्या काठावरचे अर्धा किलो अन्न दिवसभरात खाल्ले तरी पोटात जाणारे ग्लूटेन १० मिलिग्रॅमच असेल आणि एवढ्या प्रमाणात बहुसंख्य रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही. २००७ मधील एका अभ्यासात मात्र ९० दिवस रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन घेतलेल्यांच्या आतड्यावर परिणाम दिसला. ब्रेडच्या एका कापात ग्लूटेनचे प्रमाण काही ग्रॅम असते. म्हणजे त्या कापाचा अगदी छोटा चुरादेखील रोज पोटात गेला, तर नुकसान होते. "थोडेसे खाल्ले तर काय बिघडते?" असे कोणी विचारले, तर हेच गणित समोर ठेवावे.

इथले सापळे मोजके पण महत्त्वाचे आहेत:

- "गहूविरहित" म्हणजे ग्लूटेनमुक्त नव्हे, कारण त्यात जव किंवा राय असू शकते. काही देशांत वेष्टनावर फक्त गव्हाचा उल्लेख बंधनकारक असतो.
- मूळचे ग्लूटेनमुक्त धान्यही गव्हाच्याच गिरणीत दळले गेले, तर त्यात गव्हाचे पीठ मिसळते. पीठ घेताना ते कुठे दळले आहे, हे विचारा.
- ओट्समध्ये गव्हाचा अंश बहुतेक वेळा मिसळलेला असतो. शुद्ध, प्रमाणित ओट्स बहुतेकांना सोसतात, पण मोजक्या रुग्णांना तेही चालत नाहीत. म्हणून तब्येत स्थिरावल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करा.
- नेहमीच्या पदार्थाची कृती उत्पादक न सांगता बदलतो. ओळखीचे वेष्टनही प्रत्येक खरेदीत वाचावे.
- औषधाच्या गोळीतील स्टार्च बहुधा मका किंवा बटाट्याचा असतो, तरी नवीन औषध सुरू करताना औषधविक्रेत्याकडून खात्री करून घ्या. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.

४. स्वयंपाकघरातील धोक्यांची क्रमवारी लावा

ज्या घरात इतर माणसे गहू खातात, तिथे सगळेच वेगळे करायचे म्हटले तर पहिल्या आठवड्यातच घर थकते. म्हणून मी धोक्याची क्रमवारी लावण्याचा सल्ला देतो.

पहिल्या क्रमांकावर येते ते सुटे पीठ. चाळताना किंवा मळताना उडालेले पीठ हवेत तरंगते, ओट्यावर, भांड्यांवर आणि उघड्या अन्नावर बसते. तुमचे जेवण आधी बनवून झाकून ठेवावे आणि मगच गव्हाचे पीठ बाहेर काढावे. चाळणी, लाकडी लाटणे, लाकडी पोळपाट आणि भेगा पडलेले चमचे यांत पीठ अडकून राहते व ते धुऊनही निघत नाही, म्हणून या वस्तू स्वतंत्र हव्यात. दुसऱ्या क्रमांकावर सामायिक पाणी आणि तेल येते. ज्या पाण्यात गव्हाचा पास्ता उकळला, त्यातच ग्लूटेनमुक्त पास्ता शिजवला, किंवा ज्या तेलात मैद्यात घोळवलेले पदार्थ तळले, त्यातच तुमचे बटाटे तळले, तर ग्लूटेन पदार्थात उतरते. उष्णतेने ते नष्ट होत नाही.

तिसरी जागा म्हणजे बरण्या. लोण्याच्या डब्याकडे एकदा जवळून पाहा. ब्रेडला लोणी लावून सुरी परत डब्यात गेली की पृष्ठभागावर तपकिरी ठिपक्यांसारखा चुरा राहतो. जॅम, चीज आणि चटणीच्या बरण्यांतही तेच होते. यावर उपाय स्वस्त आहे: तुमच्यासाठी वेगळा डबा ठेवा, त्यावर रंगीत पट्टी चिकटवा आणि ती पट्टी घरातील लहानांनाही ओळखता येईल एवढी ठळक ठेवा. कपाटात ग्लूटेनमुक्त वस्तू वरच्या फळीवर आणि गव्हाच्या वस्तू खाली ठेवल्या, तर सांडलेले पीठ तुमच्या अन्नावर पडत नाही.

आता काय सोडून द्यायचे, तेही सांगतो. स्टीलची व काचेची भांडी, काटे-चमचे आणि ताटे साबण-पाण्याने नीट घासली की पुरेसे होते, त्यांचा दुसरा संच लागत नाही. घरच्यांनी गहू खाल्लेल्या टेबलावर बसून जेवणे, टेबल पुसलेले असेल तर सुरक्षित आहे. ग्लूटेन त्वचेतून शोषले जात नाही, त्यामुळे शाम्पू आणि क्रीम यांचा धसका घेण्याचे कारण नाही. ओठांना लावायच्या वस्तू तेवढ्या तपासाव्यात आणि जेवणापूर्वी हात धुवावेत. सॅनिटायझर लावून मात्र ग्लूटेन निघत नाही, त्यासाठी साबण आणि पाणीच लागते.

५. बाहेर जेवताना काय विचारायचे, ते आधी ठरवा

जीवनमानावर सर्वांत मोठा घाव बसतो तो इथे. त्रास होऊन गेलेला माणूस हळूहळू बाहेर जाणेच बंद करतो, आणि मग मित्रही बोलावणे थांबवतात. तसे होऊ देऊ नका.

गर्दीची वेळ टाळून आधी फोन करा. "ग्लूटेनमुक्त काही आहे का?" या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते आणि ते उपयोगाचे नसते. त्याऐवजी असे विचारा: "मला सिलियाक हा आजार आहे. गहू, जव किंवा राय यांचा अंशही मला चालत नाही. हा पदार्थ घट्ट करायला पीठ वापरता का, तो कोणत्या तेलात तळता आणि त्याच तेलात आणखी काय तळले जाते, हे स्वयंपाक करणाऱ्यांना विचारून सांगाल का?" उत्तर देणारा आत जाऊन विचारून आला, तर ती जागा विश्वासाची. न विचारताच "काही होत नाही हो" असे म्हणाला, तर दुसरी जागा शोधावी. हीच माहिती एका छोट्या कार्डावर छापून ठेवली, तर प्रवासात उपयोगी पडते. परभाषक प्रदेशात जाताना ती तिथल्या भाषेत करून घ्या.

कोणाच्या घरी जायचे असेल, तर यजमानांना दोन दिवस आधी सांगा आणि त्यांचे काम सोपे करा. उकडलेला बटाटा, साधा भात, सोलून खाण्याची फळे, सालासकट उकडलेली अंडी यांत चूक व्हायला जागा कमी असते. एखादा पदार्थ आपण घेऊन गेलात, तर तो सर्वांना पुरेल एवढा न्या आणि स्वतःचे सगळ्यांच्या आधी वाढून घ्या, कारण नंतर त्यात दुसऱ्या पदार्थाचा चमचा पडतो. प्रेमाने केलेला आग्रह मोडणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आजाराचे नाव घेऊन शांतपणे एकदाच नाही म्हणावे. "पथ्य आहे" एवढ्यावर अनेकांना वाटते की एक दिवस चालेल.

ऑफिसमध्ये वरिष्ठांना आणि जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्यांना डॉक्टरांच्या पत्राची प्रत द्या. सामायिक मायक्रोवेव्हमध्ये अन्न झाकून गरम करा. प्रवासात एका जेवणापुरता कोरडा शिधा सोबत असू द्या, म्हणजे उपाशीपोटी चुकीचा निर्णय घेण्याची वेळ येणार नाही.

६. मनाकडेही तपासणीइतकेच लक्ष द्या

निदानानंतर दुःख होणे स्वाभाविक आहे. आवडीचे पदार्थ सुटतातच, शिवाय विचार न करता हात पुढे करण्याची मोकळीकही जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांना उपचाराचे ओझे किती वाटते, हे विचारले होते. सिलियाकच्या रुग्णांना वाटणारे ओझे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या जवळपास जाणारे निघाले. त्यामुळे "फक्त गहूच तर सोडायचा आहे" असे कोणी म्हटल्यावर वाईट वाटले, तर तो तुमचा हळवेपणा नव्हे.

दुसऱ्या बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. २०१८ च्या एका अभ्यासात पथ्याबाबत टोकाची दक्षता बाळगणाऱ्या प्रौढांचे जीवनमान तुलनेने खालावलेले आढळले. पथ्य सैल करावे असा त्याचा अर्थ मी घेत नाही. ज्या ठिकाणी ग्लूटेन खरोखर पोटात जाऊ शकते, तिथे डोळ्यांत तेल घालून पाहावे आणि बाकी ठिकाणी मनाला सक्तीने विश्रांती द्यावी, असा मी घेतो. जेवणाच्या विचाराने झोप उडत असेल, सुरक्षित पदार्थांची यादी दर महिन्याला आखूड होत असेल, वजन घटत असेल किंवा एकटेपणा वाढला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्य आणि चिंता या आजारासोबत अनेकदा दिसतात आणि त्यांवर उपचार होतात.

चुकून ग्लूटेन पोटात गेले तर घाबरू नका. भरपूर पाणी प्या, हलके खा, काय खाल्ले ते वहीत लिहा आणि पुढच्याच जेवणापासून पथ्य पूर्ववत सुरू करा. एका प्रसंगाने आधीची मेहनत वाया जात नाही. मात्र त्रास झाला नाही म्हणून ते सोसते, असा निष्कर्ष काढू नका, कारण लक्षणे नसतानाही आतड्याची झीज होऊ शकते.

७. ठरलेल्या तपासण्या चुकवू नका

पथ्य सुरू केल्यावर साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी टीटीजी तपासण्याची पद्धत आहे. आकडा उतरणे हे चांगले लक्षण आहे, तरी आतडे पूर्ण बरे झाल्याचा तो पुरावा नाही. २०१० मधील एका अभ्यासात प्रौढांपैकी सुमारे ३४ टक्के लोकांचेच अस्तर दोन वर्षांत भरून आले होते आणि पाच वर्षांत ते प्रमाण सुमारे ६६ टक्के झाले. धीर धरा, असे डॉक्टर म्हणतात त्यामागे हे वास्तव आहे.

लोह, फोलेट, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि जस्त यांची कमतरता भरून येईपर्यंत त्यांच्या चाचण्या होत राहाव्यात. डेक्सा तपासणी आणि न्यूमोकॉकल लस यांविषयी स्वतःहून विचारा. सिलियाकमध्ये काहींच्या प्लीहेचे, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढायला मदत करणाऱ्या अवयवाचे, काम मंदावते, म्हणून ही लस सुचवली जाते. वर्षातून एकदा आहारतज्ज्ञांना वही दाखवा. बाजारातील ग्लूटेनमुक्त बिस्किटे आणि ब्रेड यांत तंतू कमी, तर साखर आणि चरबी अनेकदा जास्त असते. आतडे सुधारल्यावर शोषण वाढते, तेव्हा अशा पदार्थांवरच भिस्त ठेवली तर वजन वाढते आणि बद्धकोष्ठता होते.

८. तक्रारी राहिल्या तर कोणत्या क्रमाने शोध घ्यावा

वर्षभर पथ्य पाळूनही त्रास होत असेल, तर सर्वप्रथम नकळत पोटात जाणारे ग्लूटेन शोधा, कारण बहुतेक वेळा तेच निघते. सात प्रश्नांची सीडीएटी ही चाचणी पथ्य किती पाळले जाते ते तपासते, आणि मल किंवा लघवीतील ग्लूटेनचे अंश शोधणाऱ्या चाचण्याही आता आहेत. त्यानंतर दुधातील साखर न पचणे, आतड्यात जिवाणूंची अतिवाढ, मायक्रोस्कोपिक कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी सूज), स्वादुपिंडाचा मंदपणा आणि थायरॉइडचे विकार यांचा विचार होतो. पथ्याला अजिबात दाद न देणारा सिलियाक दुर्मीळ असतो आणि त्याचे उपचार अनुभवी केंद्रातच व्हायला हवेत. वजन अकारण घटणे, रक्त पडणे किंवा ताप राहणे यांपैकी काही असेल, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका.

९. जवळच्या नातेवाइकांची तपासणी

आई-वडील, भावंडे आणि मुले यांच्यात या आजाराची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून त्यांना लक्षणे नसली तरी टीटीजी तपासून घ्यायला सांगा. तपासणी होईपर्यंत त्यांनी तुमच्यासोबत पथ्य सुरू करू नये. एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ यांची जनुकीय चाचणी सकारात्मक आली, तर तेवढ्यावरून आजार ठरत नाही, कारण ही जनुके अनेक निरोगी माणसांतही असतात. मात्र दोन्ही नसतील तर सिलियाक होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही आणि त्या नातेवाइकाला पुन्हा पुन्हा रक्त तपासत बसण्याची गरज राहत नाही. ज्यांच्यात ती जनुके आहेत, त्यांची चाचणी आज नकारार्थी आली तरी आजार पुढे कोणत्याही वयात उद्भवू शकतो. म्हणून काही वर्षांनी किंवा लक्षणे दिसताच त्यांनी पुन्हा तपासून घ्यावे.